नावेला आधी पाणी पाजावे लागते

आमच्या घराच्या पडवीत भिंतीला एक लाकडी पाटी टांगलेली आहे. सागाची, दोन हात लांब. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत एका लाँचचे नाव. निळा रंग आता बराचसा उडाला आहे. अक्षरे मात्र वाचता येतात.

ही लाँच माझ्या चाचांची. आमच्या खाडीत ती तर चालवायची. बाजारकरू बायका, शाळेची पोरे, वऱ्हाडी, अडलेल्या बाळंतिणी, एखाद्या वेळी मय्यतसुद्धा तिने पैलतीरी नेली. पुढे खाडीवर पूल झाला आणि एसटी पलीकडे जाऊ लागली. एका पावसाळ्यापूर्वी लाँच काठावर ओढली, ती पुन्हा पाण्यात उतरली नाही. इंजिन विकले. पितळेचा पंखा भंगारवाल्याने नेला. फळ्या कुणी गोठ्याला लावल्या, कुणी चुलीत घातल्या. कुणाला दोष द्यायचा? आम्हा घरच्यांच्या डोळ्यांदेखतच हे झाले. तेव्हा आम्हाला ती फक्त एक जुनी लाँच वाटत होती.

ही पाटी पुसायला घेतली की मला दर वेळी दुसऱ्या एका नावेची आठवण होते. ती आपल्या किनाऱ्यावरची नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाचे एक भूशिर समुद्रात कोपरातून दुमडलेल्या हातासारखे शिरले आहे. तिथली ती नाव. लांबी अवघी छत्तीस फूट. तिला नावसुद्धा नाही, नुसता क्रमांक आहे, 'सीजी ३६५००'. सीजी म्हणजे कोस्ट गार्ड, पुढचे ३६ म्हणजे लांबीचे फूट आणि ५०० हा तिचा अनुक्रम. बस्स, एवढीच तिची ओळख. पण तिची कहाणी ऐकावी अशी आहे. तिने माणसे वाचवली हे तर खरेच, पण नंतर माणसांनी तिला वाचवले, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

१८ फेब्रुवारी १९५२ चा दिवस. केप कॉडच्या समुद्रात हिमवादळ उठले होते. 'पेंडलटन' नावाचे तेलवाहू जहाज लुइझियानातून केरोसीन आणि इंधन तेल भरून बॉस्टनकडे निघाले होते. पाचशे तीन फुटांचे पोलादी धूड. पहाटे सहाच्या सुमारास मोठा आवाज झाला आणि ते चक्क मधोमध दुभंगले. पुढचा भाग एकीकडे वाहत गेला, मागचा दुसरीकडे. कप्तानासह आठ माणसे पुढच्या भागात होती, तेहतीस माणसे मागच्या भागात. बिनतारी यंत्र पुढच्या भागात होते, आणि मदतीची हाक जाण्याआधीच सारे घडून गेले होते. त्यामुळे कित्येक तास किनाऱ्याला पत्ताच नव्हता. योगायोग असा की, त्याच दिवशी त्याच समुद्रात 'फोर्ट मर्सर' हे दुसरे टँकरही असेच दुभंगले. बचावपथके त्याच्याकडे धावली. 'पेंडलटन'चे तुकडे रडारवर आणि विमानातून दिसले तेव्हा दुपार उलटून गेली होती.

एवढे मोठे जहाज काडीसारखे मोडते कसे? त्याचे उत्तर युद्धकाळात आहे. दुसऱ्या महायुद्धात जहाजे झटपट हवी होती. रिव्हेट मारत बसण्याऐवजी पत्रे वेल्डिंगने सांधले जात. त्या काळचे काही पोलाद थंडीत काचेसारखे ठिसूळ होई. रिव्हेटच्या जहाजात एका पत्र्याला गेलेली चीर सांध्यापाशी थांबण्याची शक्यता तरी असे. वेल्डिंगच्या जहाजात सगळा सांगाडा एकसंध असल्याने ती चीर थेट या बाजूपासून त्या बाजूपर्यंत धावत जाई. जानेवारी १९४३ मध्ये याच जातीचे 'स्केनेक्टडी' नावाचे जहाज तर वादळात नव्हे, धक्क्याला बांधलेले असताना दुभंगले होते. ते ज्या कारखान्यात बांधले गेले, तिथेच पुढल्या वर्षी 'पेंडलटन' तयार झाले.

आता ही छत्तीस फुटांची नाव पाहा. १९४६ साली मेरीलँडमधल्या कोस्ट गार्डच्या कारखान्यात बांधलेली, लाकडी, वजन सुमारे नऊ टन. नेमलेली जागा बारा जणांची. नव्वद अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन. तिच्या पोटाखाली सुमारे नऊशे किलो वजनाचा ब्राँझचा कणा. नावेच्या या कण्याला आपल्याकडे 'पठाण' म्हणतात. पठाण जड आणि तळाशी, तर नावेच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे उंचावर. त्यामुळे ती उलटली तरी स्वतःहून सुलटी होण्यासारखी. शिवाय तिच्यावर आलेले पाणी आपोआप बाहेर जावे अशी रचना. म्हणजे बांधणाऱ्यांनी गृहीतच धरले होते की, ही नाव शांत पाण्यात कधी जाणारच नाही.

चॅटहॅमच्या ठाण्यावरून संध्याकाळी ती निघाली. सुकाणूवर बर्नार्ड वेबर, एका धर्मोपदेशकाचा मुलगा, वय चोविसाव्या वर्षात. बरोबर अँड्र्यू फिट्झजेराल्ड, रिचर्ड लिव्हसी आणि अर्विन मास्की. यांतला मास्की तर त्या ठाण्याचा माणूसही नव्हता. तो एका दीपनौकेवरचा, आपल्या बोटीवर परत जाण्यासाठी तिथे थांबलेला. माणसे हवीत म्हटल्यावर तो उठून उभा राहिला.

बंदराच्या मुखाशी वाळूचा मोठा उंचवटा आहे. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी गाळ साचतो आणि तिथे लाटा फुटतात, तसाच. आपले तांडेल अशा जागेला किती भितात ते कोकणात सर्वांना माहीत आहे. वाटेत या चौघांनी प्रार्थनागीत म्हटले. मग लाटेने नाव उचलली, आडवी फेकली. पुढची काच फुटली. होकायंत्र उखडून गेले. नाव फार कलली की इंजिन बंद पडे आणि फिट्झजेराल्ड त्या अरुंद, तापलेल्या खणात सरपटत शिरून ते पुन्हा चालू करी. होकायंत्राशिवाय, काळोखात, पन्नास-साठ फुटी म्हणून नोंदल्या गेलेल्या लाटांत या नावेने 'पेंडलटन'चा मागचा भाग शोधून काढला.

दोरीची शिडी खाली सोडलेली होती. एकेक माणूस शिडीवरून उतरे, वेबर लाटेचा अंदाज घेऊन नाव खाली आणी, माणूस उडी घेई. कुणी नावेत पडले, कुणी पाण्यात पडून वर ओढले गेले. बारा माणसांच्या नावेत बारा झाली, वीस झाली, तीस झाली. 'आता पुरे' असे म्हणायची वेळ होती आणि ते कुणी म्हटले नाही. तेहतिसांपैकी बत्तीस जण नावेत आले. जॉर्ज मायर्स नावाचा एकजण, जो इतरांना उतरायला मदत करीत मागे राहिला होता, तो तेवढा गेला. आता बत्तीस अधिक चार, छत्तीस माणसे. छत्तीस फुटांत छत्तीस! वेबरने वाऱ्याला पाठ दिली आणि किनारा लागेल तिथे नाव वाळूत घालायची असे ठरवले. पण थोड्या वेळाने बंदराच्या वाटेवरच्या तरंगत्या खुणेचा दिवा दिसला. धक्क्यावर सारे गाव उभे होते.

'पेंडलटन'च्या पुढच्या भागातले आठही जण वाचले नाहीत. दोन्ही जहाजांवर मिळून चौऱ्याऐंशी माणसे होती, त्यांतली सत्तर वाचली. एवढ्या वाचलेल्यांत बत्तीस या एका लाकडी नावेतून आली.

पुढे सन्मानाची वेळ आली. वेबरला सुवर्णपदक जाहीर करायचे ठरले, साथीदारांना त्याखालचे. वेबरने सांगितले की, चौघांना सारखे द्या, नाहीतर मला नको. मे १९५२ मध्ये चौघांनाही सुवर्णपदके मिळाली. मला वाटते, त्या वादळातल्या धैर्याइतकेच हे धैर्यही मोठे होते. सुकाणूवरच्या माणसाचे नाव होते आणि इंजिनाच्या खणात पोळून घेणाऱ्याचे होत नाही, हे आपण रोज पाहतो.

आणि नाव? नावेला कोण पदक देणार? ती पुढे सोळा वर्षे कामावर राहिली. १९६८ मध्ये तिला निवृत्त केले आणि केप कॉडच्या राष्ट्रीय किनारा उद्यानाच्या ताब्यात दिले. प्रदर्शनात ठेवावी, लोकांना दाखवावी असा हेतू होता. पण पैशांची सोय झाली नाही. वेलफ्लीटमधल्या एका आवारात ती उघड्यावर पडून राहिली. एक वर्ष नव्हे, दोन नव्हे, तेरा वर्षे.

लाकडी नावेला जमिनीवर ठेवणे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. आपल्याला वाटते, लाकूड पाण्यात कुजते, कोरडे राहिले की टिकते. नावेचे तसे नाही. समुद्राच्या पाण्यात फळ्या फुगलेल्या असतात, एकमेकींना घट्ट चिकटून असतात. उन्हात पडल्या की त्या आकसतात. सांधे उघडे पडतात. मग त्या फटींतून पावसाचे गोडे पाणी आत जाते, आणि नाव कुजते ती या गोड्या पाण्याने. खारे पाणी तिला सांभाळते. म्हणून तर आपले कोळी आणि खलाशी पावसाळ्यात नाव वर ओढली की तिच्यावर झापांचे छप्पर घालतात. माझे चाचा म्हणायचे, "माणूस खाटेवर पडला की आजारी, नाव काठावर पडली की आजारी."

१९८१ च्या नोव्हेंबरात शेजारच्या ऑर्लिन्स गावातल्या काही मंडळींनी ही नाव मागून घेतली. त्यांत विल्यम क्विन होते. ते छायाचित्रकार, त्या किनाऱ्यावरच्या जहाज-अपघातांवर पुस्तके लिहिणारे. बाकीचे गावातलेच लोक. पगार कुणाला नव्हता. सामान देणग्यांतून आले, मजुरी स्वतःच्या हातांची. ऐन हिवाळ्यात काम सुरू झाले.

अशी जुनी नाव उभी करायची तर आधी ती ऐकावी लागते. हे आमच्याकडचे सुतारही सांगतील. लाकडी ठोकणी घेऊन फळीवर ठोकत जायचे. खणखणीत आवाज आला तर फळी जिवंत, बद्द आला तर आतून गेलेली. शंका आली तर टोच्या मारून पाहायचा. तो लोण्यात गेल्यासारखा गेला की तेवढा तुकडा कापायचा. पण किती कापायचे? इथे खरी परीक्षा असते. जास्त कापले तर नवी नाव होते, जुनी उरत नाही. कमी कापले तर कूज आतल्या आत पसरते. ज्याला लोभ आहे आणि ज्याला आळस आहे, अशा दोघांनीही या कामाला हात लावू नये.

मग रंगाचे थर खरवडायचे. वर्षानुवर्षांचे थर, एकाखाली एक. खाली लाकूड लागेपर्यंत. मग सांधे. फळ्यांमधल्या फटींतून जुने काथ्या-कापूस उपसून काढायचे आणि नवे ठोकून बसवायचे, वर लांबी भरायची. या कामाला आपल्या किनाऱ्यावर 'कालापाती' असा जुना शब्द आहे. तो पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला असे सांगतात. शब्दसुद्धा नावेत बसूनच येतात. कालापातीत हाताचे माप लागते. कमी ठोकले तर पाणी शिरते, आणि जास्त ठोकले तर फळ्या फुगल्यावर त्यांना जागा उरत नाही, सांधाच फुटतो.

इंजिनाचे वेगळेच. वर्षानुवर्षे बंद पडलेले इंजिन जोर लावून फिरवायला गेले तर मोडते. आत तेल सोडून वाट पाहावी लागते. दिवसच्या दिवस. मग हाताने थोडे, अगदी बोटभर फिरवायचे. फिरले की निम्मे काम झाले. पंख्याचा दांडा जिथून नावेबाहेर जातो तिथले भरण नवे करायचे, सुकाणूची जोडणी पाहायची, वायर बदलायची.

या सगळ्यात एक प्रश्न येतोच. इतके बदलल्यावर ही तीच नाव म्हणायची का? चाचांचे उत्तर ठरलेले असे: "पठाण शाबूत आहे ना? मग नाव तीच." ब्राँझच्या पठाणाला लोखंडासारखा गंज खात नाही. वादळातल्या त्या रात्री छत्तीस जणांचा भार ज्याने तोलला, तो कणा तेरा वर्षांच्या ऊन-पावसातही होता तिथेच होता.

सहा महिन्यांत काम झाले. १९८२ मध्ये ऑर्लिन्सच्या रॉक हार्बर बंदरात ती नाव पुन्हा पाण्यात सोडण्यात आली. समारंभाला स्वतः वेबर पत्नीसह हजर होते. तीस वर्षांनी.

नाव पाण्यात सोडायचा क्षण आपण नेहमी फुले, नारळ, टाळ्या असा पाहतो. पण कोरड्या पडलेल्या लाकडी नावेच्या बाबतीत तो क्षण धाकधुकीचा असतो. कारण ती पाण्यात उतरली की गळते. कितीही चांगली कालापाती केली तरी सुरुवातीला थोडीफार गळतेच. नवखा माणूस घाबरतो, सगळी मेहनत वाया गेली असे त्याला वाटते. जाणता माणूस पंप लावून शांत बसतो. नाव पाणी पीत असते. एक रात्र, दोन रात्री, कधी त्याहून जास्त. फळ्या हळूहळू फुगतात, एकमेकींना धरतात आणि गळती आपोआप थांबते. नावेला आधी पाणी पाजावे लागते, मगच ती पाण्यावर चालते. एवढा वेळ तिच्याजवळ जागत बसायला मात्र कुणीतरी लागते.

त्या गावात अशी माणसे निघाली, एवढीच या गोष्टीची थोरवी. बरे, एकदा दुरुस्त करून भागले नाही. लाकडी नाव दर वर्षी काढावी लागते, खरवडावी लागते, रंगवावी लागते. पुढची कित्येक दशके स्वयंसेवकांनी ते केले. मे २००२ मध्ये, त्या रात्रीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, वेबर, फिट्झजेराल्ड, लिव्हसी आणि मास्की हे चौघेही म्हातारे पुन्हा एकत्र आले आणि त्याच नावेतून फेरी मारून आले. मास्की त्यानंतर वर्षभराने गेले, वेबर २००९ मध्ये. २००५ मध्ये नावेची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली. २००९ मध्ये त्या रात्रीवर पुस्तक आले, २०१२ मध्ये कोस्ट गार्डच्या एका नव्या जहाजाला वेबरचे नाव दिले गेले, २०१६ मध्ये चित्रपट निघाला. पण हे सारे नंतरचे. १९८१ च्या हिवाळ्यात हातात खरवडणी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की, जिने आपल्या किनाऱ्यावर माणसे आणली ती कुजते आहे, आणि हे बरे दिसत नाही.

आता आपल्याकडे वळतो. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. ऐन पावसाळ्यात मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सातशेच्या आसपास माणसे होती, सहाशेहून अधिक गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. 'पेंडलटन'सारखीच गत, मुंबईला कित्येक तास पत्ता नाही. जे थोडे वाचले त्यांतल्या अनेकांना रेवसच्या बाजूच्या मच्छीमार होड्यांनी उचलले. होड्यांतली मासळी समुद्रात फेकून देऊन कोळी बांधवांनी माणसांना जागा केली, असे सांगतात. मासळी फेकणे म्हणजे त्या दिवसाची चूल फेकणे. पाच वर्षांनी चॅटहॅमच्या त्या चौघांनी जे केले, तेच आपल्या माणसांनी आधी केले होते. होकायंत्रही नसलेल्या होड्यांतून.

त्या होड्यांतली एखादी तरी कुणी जपायला हवी होती. पठाण तरी, नाळेचा एखादा तुकडा तरी. पण जपणार कोण? ज्यांच्या होड्या होत्या त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्रावर जायचे होते. आणि ज्यांना सवड होती त्यांना होडीत इतिहास दिसत नव्हता. किल्ल्यात दिसतो, तलवारीत दिसतो, राजाच्या बखरीत दिसतो. हा दोष मी दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकत नाही. माझ्या डोळ्यांसमोर चाचांच्या लाँचच्या फळ्या चुलीत गेल्या. बीए झालेला, कविता लिहिणारा मी, तिथेच उभा होतो.

सगळ्याच नावा जपता येणार नाहीत, ते शक्यही नाही. पण आपल्या किनाऱ्यावर अजून अशी म्हातारी माणसे आहेत, ज्यांना नाव कशी ऐकायची ते कळते. टोच्या कुठे मारायचा, काथ्या किती ठोकायचा, गळणाऱ्या नावेजवळ न घाबरता किती रात्री बसायचे, हे त्यांच्या हातांत आहे. फायबरच्या नावा आल्या, बऱ्या आल्या, त्यांनी कष्ट वाचवले. पण ते हात निघून गेले की उद्या एखादी जुनी नाव वाचवावी असे कुणाच्या मनात आले तरी वाचवता येणार नाही. तेव्हा एखाद्या रविवारी त्यांच्या अंगणात जाऊन बसा. विचारा. लिहून घ्या.

चाचा आता नाहीत. त्यांच्या खलाशांपैकी एकजण, ऐंशीच्या घरातला, आमच्या वाडीत आहे. मागच्या ईदला तो आला तेव्हा पडवीतल्या पाटीपाशी थांबला. बोटाच्या पेराने त्याने ती हळूच ठोकली. कान लावला. आणि म्हणाला, "लाकूड अजून जिवंत आहे, बाळ."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)